चाळीस दिवसांची मुदत

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर मांजरसुंबा लागते आणि तेथून आडवाट धरली की बालाघाटाच्या डोंगरकुशीत कपिलधार. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी पाण्याची धार आणि तिच्या सान्निध्यात 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी. कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्याच्या गावागावांतून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही लिंगायत भाविकांच्या दिंड्या येथे पायी येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात, यात्रा तोंडावर आलेली असताना, एका स्नेह्यांच्या आग्रहाने आमचे तेथे जाणे झाले. दिंडीच्या मुक्कामाची व्यवस्था पाहावयास पुढे आलेले एक वृद्ध गृहस्थ पायरीवर टेकले होते. गप्पांच्या ओघात ते म्हणाले, "साहेब, आधी आमी गावात पोचायचो, मग आमच्यासंगं बातमी पोचायची. आता गाव सोडायच्या आधी बातमी पुढं गेलेली असती, अन् ती खरी का खोटी, ते आमी पोचल्यावर कळतं."

त्या वृद्धाचे हे वाक्य आम्ही बरोबर घेऊन परतलो. कारण त्याच जिल्ह्यात तीन-चार आठवड्यांपूर्वी जे घडले होते, त्याचे याहून नेमके वर्णन आम्हांस वर्तमानपत्रांत आढळले नव्हते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली. मराठा आरक्षणाचे आंदोलन त्या वेळी ऐन भरात होते. माजलगावच्या आमदारांच्या बोलण्याची एक ध्वनिफीत भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरली, आंदोलनकर्त्यांविषयी त्यांनी हिणकस उद्गार काढल्याचा समज पसरला आणि त्यांच्या घरासमोर जमाव जमला. गाड्या पेटल्या, घर पेटले. पाठोपाठ बीड शहरात आणखी एका आमदारांचे घर व राजकीय पक्षाचे कार्यालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. प्रशासनाने संचारबंदी पुकारली आणि जिल्ह्याची इंटरनेट सेवा बंद केली. ध्वनिफीत फिरणे, जमाव जमणे, आग लागणे आणि जिल्ह्याचा आवाज बंद होणे, हे सारे एका दिवसाच्या हिशेबात उरकले.

आरक्षण कोणाला मिळावे आणि कोणाला नाही, हा या लेखाचा विषय नाही. त्या वादातील दोन्ही बाजूंची माणसे आमच्या परिचयाची आहेत आणि दोन्हींकडे पोटच्या पोरांच्या भवितव्याची काळजी सारखीच आहे. आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. लोकांनी निवडून दिलेले सरकार जेव्हा उद्या काय होईल हे जाणत नाही, तेव्हा ते काय करते? आणि जे करीत आले, ते या यंत्रयुगाच्या नव्या पर्वात त्याला करता येते काय?

अनिश्चितता ही लोकशाहीला नवी नव्हे. किंबहुना निवडणूक म्हणजे कायद्याने ठरवून आणलेली अनिश्चितताच होय. राजा कोण होणार हे राजवाड्यात सर्वांना ठाऊक असते. आमदार कोण होणार हे मतपेटी उघडेपर्यंत कोणास ठाऊक नसते. या अनिश्चिततेशी जुळवून घेण्याचे लोकशाही सरकारांचे मुख्य साधन एकच असे, आणि ते म्हणजे वेळ. समिती नेमावी, अहवाल मागवावा, अधिवेशन बोलवावे, मुदत मागावी. या सर्व रीतींची आपण चेष्टा करतो आणि पुष्कळदा ती रास्तही असते. परंतु क्षोभ आणि निर्णय यांच्या दरम्यान काही दिवसांचे अंतर राखणे हाच या रीतींचा खरा अर्थ होता. ते अंतर आता उरलेले नाही.

अंतरवाली सराटीचे प्रकरण पाहा. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील या गावात २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांचा लाठीमार झाला. त्याची चित्रे संध्याकाळपर्यंत महाराष्ट्राच्या प्रत्येक खिशात होती. सरकारने ७ सप्टेंबर रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १४ सप्टेंबर रोजी स्वतः मुख्यमंत्री गावात गेले आणि उपोषण सुटले. सरकारने महिन्याची मुदत मागितली होती. आंदोलकांनी चाळीस दिवस दिले. चाळीस दिवस! आमच्यासारख्या सेमिनरीत घडलेल्या माणसाच्या कानाला हा आकडा ओळखीचा वाटला, हे येथे कबूल करतो. परंतु वाळवंटातील ते चाळीस दिवस मौनाचे होते आणि हे चाळीस दिवस तसे मुळीच नव्हते. रोज सभा, रोज चित्रफिती, रोज 'आज इतके दिवस उरले' याची उजळणी. २४ ऑक्टोबरला मुदत संपली, २५ ला उपोषण पुन्हा सुरू झाले आणि ३० ला बीड पेटले.

पुढे २ नोव्हेंबरला दोन निवृत्त न्यायमूर्ती सरकारच्या वतीने उपोषणस्थळी गेले व आंदोलन पुन्हा स्थगित झाले. मात्र नवी मुदत कोणती यावरच एकमत नव्हते. सरकार म्हणे २ जानेवारी, आंदोलक म्हणत २४ डिसेंबर. एकाच भेटीतून दोन तारखा बाहेर पडल्या आणि दोन्ही तारखा त्याच रात्री राज्यभर पोहोचल्या. पूर्वीच्या काळी असा गोंधळ झाला असता तर दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाने तो मिटला असता, कारण पहिली बातमी तोवर फारशी लांब गेलेली नसे. आता खुलासा निघतो तेव्हा मूळ बातमी म्हातारी झालेली असते आणि तिची नातवंडे गावात खेळत असतात.

परंतु पूर्वीचा काळ बरा होता, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या मोहापासून सावध राहण्यासाठी याच मराठवाड्याच्या इतिहासातील १९७८ साल आठवणे आवश्यक आहे. १८ जुलै १९७८ रोजी वसंतदादा पाटील यांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. नवे सरकार अनेक पक्षांची मोट होती; ते किती टिकेल हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलै रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव न्याय्य होता असे आमचे मत आहे. परंतु ठराव मुंबईत झाला आणि आग मराठवाड्यात लागली. खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली.

त्या वेळी कोणाच्या खिशात भ्रमणध्वनी नव्हता. खेड्यात दूरध्वनी असलाच तर एखादा, आणि तोही लागेल तेव्हा लागे. वर्तमानपत्र एस.टी.च्या गाडीने येई, तेही गाडी वेळेवर असली तर. तरीही अफवा पसरल्याच. तेव्हा खोट्या गोष्टीला पसरण्यासाठी यंत्र लागते हा समज चुकीचा आहे. मनात साठलेला द्वेष हेच तिचे पहिले वाहन होय. यंत्राच्या अभावाचा तोटा मात्र ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांना सोसावा लागला. वस्ती जळत असल्याची वार्ता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास आणि मदत यावयास जो वेळ लागे, त्या वेळातच सर्व संपलेले असे. आज निदान जळत्या घराचे चित्र जगाला दिसते. संथपणा हा बलवंतांना नेहमीच अधिक मानवतो, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्या माणसांनी विसरता कामा नये.

आणि सरकारने काय केले? थांबले. ठराव कागदावर राहिला. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्तच झाले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारने हा प्रश्न पुढच्या सरकारकडे ढकलला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला तो पुन्हा पवार मुख्यमंत्री असतानाच. साडेपंधरा वर्षांचे हे अंतर कोणी 'संयम' म्हणून गौरवील, तर कोणी 'भ्याडपणा' म्हणून धिक्कारील. आमचे मत असे, की वेळ घेणे आणि वेळ काढणे यांत भेद आहे. वेळ घेणारा त्या काळात काही तरी करीत असतो. लोकांशी बोलणे, पोळलेल्यांना उभे करणे, विरोधकांचे गैरसमज दूर करणे यासाठी तो वेळ वापरला गेला असता तर साडेपंधरा वर्षे लागतीच ना. अर्थात नव्या युगात कोणत्याही सरकारला साडेपंधरा वर्षे मिळणार नाहीत; चाळीस दिवस मिळाले तरी नशीब.

सरकारे स्वतःसुद्धा या घाईच्या तडाख्यातून सुटलेली नाहीत. २०१९ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्राने पाच वर्षे आणि काही दिवसांत मुख्यमंत्रिपदाचे चार शपथविधी पाहिले. २३ नोव्हेंबर २०१९ चा तो भल्या पहाटेचा शपथविधी वाचकांच्या स्मरणात असेल. त्या प्रसंगी सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला, की दुसऱ्याच दिवशी सभागृहात बहुमताची परीक्षा व्हावी, मतदान गुप्त नसावे आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे. बहुमत राजभवनात वा हॉटेलात नव्हे तर सभागृहात ठरते, हा १९९४ च्या बोम्मई खटल्यातील दंडक न्यायालयाने पुन्हा उभा केला. परीक्षा होण्यापूर्वीच राजीनामा आला, हे सर्वश्रुत आहे.

याहून बोधक प्रसंग २०२२ च्या जूनमधला. आमदारांचा एक गट आधी सुरतेस, तेथून गुवाहाटीस गेला. त्यांच्या चित्रफिती तिकडून येत आणि इकडून उत्तरे जात. सभागृह रिकामे आणि भ्रमणध्वनीचा पडदा भरलेला, अशी ती स्थिती होती. २९ जूनच्या रात्री, न्यायालयाने बहुमत चाचणीस स्थगिती नाकारताच, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून जनतेशी बोलत राजीनामा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला. पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की राज्यपालांनी ती चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते. परंतु ठाकरे यांनी चाचणीस सामोरे न जाता स्वेच्छेने राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पूर्ववत आणता येणार नाही. कोणत्याही पक्षाची कड न घेता आम्ही एवढेच म्हणू, की पडद्यावरील एका रात्रीच्या बोलण्याने जे मोकळे सुटले ते अकरा महिन्यांच्या न्यायालयीन परिश्रमालाही पुन्हा बांधता आले नाही. भावना पडद्यावर पोहोचतात आणि जबाबदारी सभागृहात सिद्ध होते. या दोन जागांची गल्लत झाली की लोकशाहीचे कुलूप एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे राहते.

आता पुन्हा बीडकडे वळू. इंटरनेट बंद करण्याचा जो अधिकार सरकारने वापरला, त्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १८८५ साली, राणीच्या राज्यात, भारतीय तार अधिनियम झाला. सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी तारेचा संदेश अडवावा, असा अधिकार त्याने सरकारला दिला. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली; तार गेली, पण तारेचा कायदा उरला. त्याच कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१७ साली दूरसंचार सेवा तात्पुरत्या खंडित करण्याचे नियम केले. म्हणजे ज्या कायद्याने परकी सरकार 'कट्ट-कडकट्ट' रोखत असे, त्याच कायद्याच्या लेकराने बीडच्या कॉलेजकुमाराचा व्हॉट्सॲप रोखला. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. त्यांत एका आदेशाने पंधरा दिवसांहून अधिक काळ सेवा बंद ठेवता येत नाही. १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने असेही बजावले होते, की असा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि तो कारणाच्या प्रमाणात असला पाहिजे.

आग विझविताना वारा अडवावा लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. ३० ऑक्टोबरच्या रात्री जिल्ह्याची जबाबदारी शिरावर असणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी आम्ही असतो, तर बहुधा आम्हीही तोच आदेश काढला असता. परंतु त्या आदेशाने नेमके काय बंद होते, याचा विचार व्हावयास हवा. आज रेशनच्या दुकानातील यंत्र अंगठ्याचा ठसा घेते आणि ते इंटरनेटवर चालते. बँकेचा व्यवहार, सोयाबीनचा भाव, दुकानदाराची उधारी-उसनवारी, रुग्णालयातील कागद, सारे त्यावरच. ऑक्टोबर संपत आला की याच जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम, उचल, गाडी, कारखाना यांची जुळवाजुळव फोनवर होते. १८८५ साली तार बंद पडली तर व्यापारी आणि अंमलदार खोळंबत. आता बोलणे बंद केले की धान्यही बंद होते. शिवाय खरी माहितीही त्याच वाटेने जाते. "अमुक गावात काही झालेले नाही, घरीच राहा" हे सांगण्याची सोय अफवेबरोबरच नाहीशी होते. १९७५ च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या तेव्हा सरकारलाच लोकांचे मन कळेनासे झाले, आणि मार्च १९७७ च्या निकालाने सर्वाधिक चकित झाले ते सत्ताधारीच. दुसऱ्याचे तोंड बांधताना आपलेच कान बांधले जातात.

बोलणाऱ्याला शिक्षा करणे, हा आणखी एक मार्ग सरकारांनी चोखाळून पाहिला. आमच्या वसई-पालघरच्या वाचकांना २०१२ चा नोव्हेंबर आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. दोन मुलींना अटक करणे सोपे होते. अवघड काय असते ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला दिसले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे या व्हॉट्सॲपवरील अफवेपायी भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठविण्यास मज्जाव केला. पाच माणसे गेली, तेव्हा पाचाची मर्यादा आली!

निवडणुकीच्या कायद्यातही अंतराचे एक सुंदर कलम आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १२६ मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत जाहीर प्रचार थांबवावयास सांगते. मतदाराने दोन दिवस शांतपणे विचार करावा, हा त्यामागील हेतू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, काही राजकीय नेत्यांच्या म्हणून ध्वनिफिती फिरविल्या गेल्या. त्या यंत्राने बनविलेल्या असल्याचा निर्वाळा पडताळणी करणाऱ्यांनी दिला खरा. परंतु दिवस उजाडताच मतदान सुरू झाले होते. आणि बीडच्या लोकसभा मतदारसंघात त्याच वर्षी ४ जूनला रात्री उशिरापर्यंत लांबलेल्या मोजणीत निकाल लागला तो ६,५५३ मतांच्या फरकाने. इतक्या अल्प फरकाच्या ठिकाणी एक बनावट ध्वनिफीत काय करू शकेल, याचा विचार मनात आल्याविना राहात नाही. त्या निकालानंतरही समाजमाध्यमांतील मजकुरावरून जिल्ह्यातील काही गावांत बंद पाळले गेले. वर्षानुवर्षे एकाच पारावर बसणारी माणसे एकमेकांच्या दुकानात जाईनाशी झाली, असे तिकडील लोक सांगतात.

मग सरकारने करावे तरी काय? दूरच्या एका लहान देशाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. एस्टोनिया हे तेरा-चौदा लाख वस्तीचे राष्ट्र. तेथील नागरिक २००५ पासून इंटरनेटवरून मतदान करू शकतात. २०१७ साली तेथील सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये गंभीर दोष असल्याचे संशोधकांनी सरकारला कळविले. ऑक्टोबरात स्थानिक निवडणुका होत्या. सरकारने सप्टेंबरच्या आरंभीच पत्रकारांसमोर येऊन दोष आहे असे उघडपणे सांगितले; किती धोका आहे आणि काय उपाय चालू आहे, तेही सांगितले. निवडणूक ठरल्याप्रमाणे झाली, लोकांनी इंटरनेटवरून मते दिली आणि नोव्हेंबरात सदोष प्रमाणपत्रे बंद करून नवी देण्यात आली. 'आम्हांस सर्व ठाऊक आहे' असे न म्हणता 'आम्हांस इतके ठाऊक आहे' असे त्या सरकारने म्हटले. लहान देशाला हे परवडते, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. पण खोटे बोलणे मोठ्या देशाला अधिक परवडते असे कोठे आहे?

आमच्या सरकारला मात्र या यंत्रयुगातील वादळातून वाट काढण्यासाठी जावे लागले ते निजामाच्या दफ्तरात, आणि या साऱ्या कथेतील हाच भाग आम्हांस सर्वांत रसाळ वाटतो. बीड हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानाचा जिल्हा. दफ्तराची भाषा उर्दू, गावपातळीवर मोडी. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची नोंद 'कुणबी' अशी झाली होती काय, हे शोधण्याचे काम शिंदे समितीकडे आले. तहसील कचेऱ्यांच्या माळ्यावरून गाठोडी खाली उतरली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, तुरुंगाची कागदपत्रे! मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या मोडीला आम्ही शाळेतून हद्दपार केले, तिच्या चार जाणकारांच्या दारात सरकारी गाडी उभी राहिली. बीड पेटले त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी समितीच्या पहिल्या अहवालाचा आकडा सांगितला: सुमारे १ कोटी ७२ लाख दस्तऐवज तपासले, ११,५३० नोंदी सापडल्या. पुढे शोध राज्यभर वाढविण्यात आला आणि सापडलेल्या नोंदींची संख्या ५० लाखांवर गेली. महत्त्वाचे हे, की जिल्ह्याजिल्ह्यांनी या नोंदींची छायाचित्रे संकेतस्थळांवर गावनिहाय प्रसिद्ध केली. जे यंत्र काल अफवा वाहात होते, तेच आज पणजोबांच्या नावाचे जीर्ण पान घरपोच करू लागले.

कागदाच्या या शक्तीचा आम्हांस रोजचा अनुभव आहे. धर्मग्रामाच्या कचेरीतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या हा आमच्या जबाबदारीचा एक भाग. काही वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ आजोबांची नोंद मागावयास आले. पान सापडले; परंतु वाळवीने नेमके आडनाव खाल्ले होते. पहिली दोन अक्षरे उरली होती आणि ती त्यांच्या आडनावाशी जुळत होती, तशी ती गावातील आणखी दोन घराण्यांशीही जुळत होती. "फादर, तुम्ही आम्हांला तीन पिढ्या ओळखता. उरलेली अक्षरे तुम्हीच लिहा," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बहुधा खरे असावे. आम्ही जे दिसत होते तेवढेच लिहिले, 'पुढील अक्षरे नष्ट' असा शेरा मारला आणि सही केली. ते रागावून गेले. पुढील दोन वर्षे त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले होते. सरकार नावाच्या मोठ्या कचेरीपुढे असे लाखो लोक उभे आहेत. प्रत्येकाला उरलेली अक्षरे हवी आहेत, आणि शेजारच्या रांगेत उभे असलेल्यांना भीती आहे की ती अक्षरे त्यांच्या ताटातून उचलून लिहिली जातील.

एका शब्दाने माणसाचे भवितव्य ठरावे, हे कपिलधारच्या यात्रेकरूंनाही अपरिचित नाही. लिंगायतांना स्वतंत्र धर्म म्हणून मान्यता मिळावी यासाठी २०१७ साली लातुरात मोठा मोर्चा निघाला होता. २०१८ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने तशी शिफारस केली आणि केंद्राने ती स्वीकारली नाही. त्याही समाजात यावर दोन मते आहेत, आणि पायरीवरच्या त्या वृद्धाने दोन्ही मते आम्हांस सारख्याच आवेशाने ऐकविली होती.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनाने मराठा समाजासाठी दहा टक्के आरक्षणाचा कायदा संमत केला. २०१८ चा तशाच स्वरूपाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला होता, तेव्हा नव्या कायद्यालाही आव्हान मिळणे अपरिहार्य होते आणि ते मिळाले. प्रश्न मिटला नाही. २९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा उपोषण बसले आणि २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा निर्णय काढला. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले आणि इतर मागासवर्गीयांच्या नेत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

त्या निर्णयातील एक तरतूद मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्यापाशी जमिनीच्या मालकीचा पुरावा नाही, त्यांनी आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या परिसरात राहात होते असे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, आणि चौकशी करावयाची गावातील तिघांच्या समितीने: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि साहाय्यक कृषी अधिकारी. मंत्रालय, विधिमंडळ, न्यायमूर्तींची समिती, संकेतस्थळ, उच्च न्यायालय, असा फेरा घेऊन प्रश्न अखेर गावच्या चावडीवर या तिघांसमोर येऊन बसला आहे. अर्जदार त्यांना ओळखतो, हरकत घेणाराही ओळखतो. तिघांच्याही खिशात भ्रमणध्वनी आहे. आणि ते कोणाच्या घरी चहाला थांबले, ही बातमी ते कचेरीत परत पोहोचण्यापूर्वीच पुढे गेलेली असते.